लोखंडाचा भाव चढणार म्हणून आपण सही का करायची?



२६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी हा अंक वाड्यावाड्यांवर पोचावा म्हणून घाईनं काढतो आहोत. स्टेन्सिल दोनदा फाटली, तेव्हा काही ओळी फिक्या आल्या असतील. वाचणाऱ्यानं उजेडात धरून मोठ्यानं वाचावं, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ऐकू जाईल.

गेले दोनतीन महिने आपल्या पट्ट्यात, कशेळ्याच्या वरच्या अंगाला, खडी मशीनसाठी ना-हरकत मागत माणसं फिरताहेत. माणसं येतात यात नवं काही नाही. त्यांचं बोलणं नवं आहे. पूर्वीचा दलाल ‘रोजगार मिळेल’ एवढंच म्हणायचा. आताचा माणूस मोबाईलवर लोखंडाच्या भावाचा आलेख दाखवतो. रेघ वर चाललेली. म्हणतो, पुढची दहा वर्षं तेजी आहे. लोखंड वाढलं की बांधकाम वाढलं, बांधकाम वाढलं की खडीला भाव आला. आता सही केलीत तर चढत्या भावाचा फायदा, नाहीतर गाडी सुटली. एका वाडीवर एका म्हाताऱ्या आजीनं त्याला विचारलं, ‘‘भाव वर गेला त आमाला काय भेटल, नी खाली आला त डोंगर परत भेटल का?’’ तो हसला आणि पुढच्या घरी गेला. आजीच्या प्रश्नाचा हिशोब आपणच मांडायला हवा, म्हणून हा लेख.

आधी हे सांगितलं पाहिजे की त्या माणसाची रेघच उलटी काढलेली आहे. सळई महाग झाली की बांधकाम वाढत नाही, अडतं. हे कळायला मोबाईल नको, आपल्या वाडीतली घरकुलं बघा. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजनेत सपाटीवरच्या घरकुलाला १ लाख २० हजार रुपये ठरले. २०२० च्या मध्याला सळई किलोला चाळीस-पंचेचाळीस रुपये होती, ती २०२२ च्या एप्रिलपर्यंत सत्तर-पंच्याहत्तरवर गेली. घरकुलाची रक्कम मात्र तिथंच. लहान घराला स्लॅबसकट आठशे किलो सळई धरा. किलोमागं तीस रुपये वाढले म्हणजे झाले चोवीस हजार. घराच्या पैशाचा पाचवा हिस्सा नुसत्या भावानं खाल्ला. ज्या घरकुलांना स्लॅबऐवजी पत्रा पडला किंवा जी जोत्यावरच थांबली, त्यांच्या मालकिणींना विचारा लोखंडाची तेजी कशी असते ते. आता कातकरी कुटुंबांना जनमन योजनेतून २ लाख मिळतात. चांगलं आहे, घ्यायलाच हवेत. पण सळईचा भाव फिरला तर या दोन लाखांचंही तेच होईल.

आणि भाव पडला तर आपलं भलं होतं का? तेही नाही. सळई महागते तेव्हा दुकानदार दुसऱ्या दिवशी भाव वाढवतो, उतरते तेव्हा ‘जुना माल आहे’ म्हणतो. भंगारवाल्याचं बरोबर याच्या उलट. बाजार पडला की तो त्याच दिवशी काटा आखडता घेतो, चढला की त्याला खबरच नसते. वाडीवरच्या ज्या पोरांनी पत्रा-सळईचे तुकडे वेचून वह्या घेतल्या त्यांना हे पाठ आहे. खोपोली-खालापूरच्या कारखान्यांत ठेकेदाराकडं जाणाऱ्या आपल्या माणसांनाही माहीत आहे, की मंदी आली तर पहिली सुट्टी ठेक्यावरच्यांना.

आता तो आलेख नीट बघू. दलालानं दाखवला तो तीनचार वर्षांचा तुकडा होता. लोखंडाच्या खनिजाचा, म्हणजे खाणीतून निघणाऱ्या लाल मातीचा-दगडाचा, भाव जगात डॉलरमध्ये ठरतो, आणि तो ठरवणारा मोठा गिऱ्हाईक एकच, चीन. जगात होणाऱ्या पोलादातलं निम्म्याहून जास्त एकटा चीन करतो. त्याला खनिज जातं मुख्यतः ऑस्ट्रेलिया आणि ब्राझीलमधून. २०११ च्या सुरुवातीला टनाला १९० डॉलरच्या आसपास भाव होता. त्या भरवशावर जगभर नव्या खाणी खोदल्या. सगळ्यांचा माल एकदम बाजारात आला तोवर चीनची भूक मंदावलेली. २०१५ च्या डिसेंबरात भाव ४० डॉलरपर्यंत आला, म्हणजे पाचवा हिस्सा. मग मे २०२१ मध्ये २३० च्या वर. त्याच वर्षी नोव्हेंबरात ९० च्या आसपास. सहा महिन्यांत निम्म्याहून खाली! आपल्या शनिवारच्या-सोमवारच्या बाजारात टोमॅटोसुद्धा एवढा लाजत नाही.

पुढं काय होणार? दोन्ही बाजूंनी बोलता येतं. एका बाजूला चीनमध्ये घरं बांधून बांधून ती पडून राहिली, मोठे बिल्डर बुडाले, तिथली सळईची मागणी ओसरली. आफ्रिकेतल्या गिनी देशात सिमांदू नावाच्या डोंगरात प्रचंड खाण २०२५ च्या अखेरीस सुरू झाली, तिची पूर्ण ताकद वर्षाला १२ कोटी टनांची. शिवाय जुनं लोखंड वितळवून नवं करणं जगभर वाढतंय. दुसऱ्या बाजूला आपला देश. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणात २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन पोलाद करण्याची ताकद उभी करायची असं लिहिलं आहे, आणि २०२४-२५ साली देशात साधारण १५ कोटी टन झालं. म्हणजे भारताची मागणी वाढणार हे खरं. पण जगाच्या भावाला चीन जेवढा ओढतो तेवढा भारत अजून ओढत नाही. आमचं मत विचाराल तर येत्या काही वर्षांत खनिजाचा भाव २०२१ सारखा आभाळाला टेकण्याची कारणं थोडी आणि दबून राहण्याची जास्त दिसतात. दलालाचं मत उलटं असेल. असू दे. दोघांपैकी कुणाचंही मत ग्रामसभेच्या ठरावात येता कामा नये.

कारण भाव कशानं हलतो ते पाहिलं की अंगावर काटा येतो. २५ जानेवारी २०१९ ला ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो इथं खाणीच्या गाळाचा बंधारा फुटला. २७० माणसं चिखलात गेली. त्या कंपनीच्या खाणी थांबल्या, बाजारात माल कमी पडला आणि जगात लोखंडाचा भाव चढला. म्हणजे त्या आलेखावरची वर जाणारी ती रेघ माणसं मेल्याची आहे. पुढच्याच वर्षी, मे २०२० मध्ये, ऑस्ट्रेलियात जूकन घळीतल्या गुहा खाणवाल्या कंपनीनं सुरुंगानं उडवल्या. तिथल्या आदिवासींच्या पूर्वजांचा वावर त्या गुहांत ४६ हजार वर्षांपासूनचा होता. बोभाटा झाल्यावर कंपनीच्या प्रमुखाला जावं लागलं. गुहा परत आल्या नाहीत.

वीटभट्टीच्या मुकादमाकडून आपण उचल घेतो ते आठवा. पावसाळ्यात पैसे हातात, आणि त्या बदल्यात दिवाळीनंतरचा सगळा हंगाम गहाण. पुढं विटेचा भाव वाढला तर मालकाचा, आणि आपली उचल मात्र फिटता फिटत नाही. ‘भाव चढणार आहे’ हे वाक्य कंपनीसाठी तसंच उचलीचं काम करतं. उद्याचा चढा भाव कागदावर मांडला की बँक आज कर्ज देते, शेअर आज वधारतो, परवान्याची फाईल आज पळते. फरक एवढाच, की आपण उचल घेतो ती आपल्या अंगमेहनतीवर. त्यांची उचल दुसऱ्याच्या डोंगरावर असते, आणि ती फेडायला तो डोंगर खणावाच लागतो, मग भाव पडलेला का असेना. उलट भाव पडला तर जास्त खणावा लागतो, कारण हप्ता तेवढाच आहे.

आपल्याच राज्यातलं बघू. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा पहाड आहे. त्यावर ठाकुरदेवाचं ठाणं आहे, जानेवारीत जत्रा भरते, माडिया माणसं लांबलांबून चालत येतात. (नाव वाचून आपल्या ठाकूरवाड्यांतल्या लोकांना जवळचं वाटेल. देव आपला नसेल, दुःख मात्र ओळखीचं आहे. सरकारच्या आदिम जमातींच्या यादीत महाराष्ट्रातून तीन नावं आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड.) २००७ साली, लोखंडाचा भाव चढत होता तेव्हा, त्या पहाडावरची ३४८ हेक्टर जागा लॉयड्स मेटल्स कंपनीला खाणीसाठी मिळाली. पट्टा ५० वर्षांचा. मधली कितीतरी वर्षं काम अडखळत राहिलं. लोकांचा विरोध होता, नक्षल्यांची हिंसा होती, डिसेंबर २०१६ मध्ये खाणीवरची बरीच वाहनं जाळली गेली. खाण जोरात सुरू झाली ती २०२१ साली, म्हणजे भाव २३० डॉलरला गेला त्याच वर्षी. बंदोबस्त वाढला, नवा भागीदार आला, ही कारणंही आहेतच. पण भावाचा यात काही हात नाही असं मानायला आम्ही तयार नाही. वर्षाला ३० लाख टन काढायची परवानगी २०२३ मध्ये १ कोटी टनांवर नेली.

यातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे, तो सावकाश वाचा. सुरजागडच्या पहाडात चांगल्या लोखंडाच्या खनिजाबरोबर हलका दगडही आहे, ज्यात लोखंड कमी आणि गारगोटी जास्त. भाव कमी असतो तेव्हा त्या दगडाला कुणी हात लावत नाही. भाव चढला, किंवा पुढं चढेल अशी आशा धरली, की तोच दगड कुटून, धुऊन लोखंड काढणं परवडायला लागतं. २०२५ मध्ये असा दगड धुण्याच्या कारखान्यासाठी ९०० हेक्टरांहून जास्त जंगल आणि एक लाखाहून जास्त झाडं द्यायला केंद्राच्या समितीनं तत्त्वतः होकार दिला. कालपर्यंत जे नुसतं जंगल होतं ते आज ‘साठा’ झालं. म्हणून आम्ही म्हणतो, खाणीची हद्द मोजणीदार साखळी धरून ठरवत नाही, भाव ठरवतो. आणि भावाबरोबर पुढं सरकलेली हद्द भाव उतरल्यावर मागं सरकल्याचं आम्ही कुठं ऐकलेलं नाही.

त्याच गडचिरोलीत दुसरंही उदाहरण आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढं स्वतःचा बांबू स्वतः विकला. तिकडच्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव आता आपणच करतात. तेंदूचाही भाव पडतो, बांबूचाही पडतो, एखाद्या वर्षी लिलावाला कुणी फिरकत नाही. पण पान पुढच्या उन्हाळ्यात परत फुटतं. पडलेल्या भावाचं वर्ष काढता येतं, कारण झाड जागेवर आहे.

गोव्याची गोष्ट आपल्यापैकी जे तिकडं कामाला गेले होते त्यांनी डोळ्यांनी पाहिली. चीनची भूक वाढली तशी गोव्यातली हलकी मातीसुद्धा विकली जाऊ लागली. २०१०-११ साली तिथून ५ कोटी टनांहून जास्त खनिज बोटींत भरून गेलं. सांगे, डिचोली, सत्तरीच्या गावांत लोकांनी कर्ज काढून ट्रक घेतले, कारण सगळे सांगत होते की तेजी राहणार. शेतात खाणीचा गाळ आला, विहिरी आटल्या, पण ट्रकचा हप्ता निघत होता म्हणून पुष्कळांनी तोंड मिटलं. केपे तालुक्यातल्या कावरे गावी वेळीप-गावडा आदिवासींनी ट्रक अडवले, त्यांना त्रासही सोसावा लागला. मग शहा आयोगाचा अहवाल आला, बेकायदा खोदकाम उघड झालं आणि २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळ्या खाणी बंद. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, तोवर भावच पडला होता. २०१८ मध्ये न्यायालयानं ८८ पट्टे रद्द केले, पुन्हा बंद. ट्रक दारात गंजत उभे आणि भातशेती मातीखाली. तेजी ज्यांची होती ते आधीच कमावून बसले होते.

कुणी म्हणेल, खाणीचा पैसा जिल्ह्याला मिळतो ना? मिळतो. किती ते मोजू. लोखंडाच्या खनिजावर सरकारची रॉयल्टी १५ टक्के. शंभर रुपयांच्या खनिजावर पंधरा रुपये. सुरजागडसारखा २०१५ च्या आधीचा पट्टा असेल तर त्या रॉयल्टीच्या ३० टक्के इतकी जादा रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला द्यायची, म्हणजे साडेचार रुपये. लिलावातल्या नव्या पट्ट्याला १० टक्के, म्हणजे दीड रुपया. हा पैसा जिल्ह्याच्या खात्यात जातो, गावाच्या हातात नाही. आणि तो भावाला बांधलेला. भाव अर्धा झाला की साडेचाराचे सव्वादोन झाले. पण भाव अर्धा झाला म्हणून धूळ अर्धी होत नाही, रस्त्यावरचे ट्रक अर्धे होत नाहीत.

कंपनीला मात्र पडत्या भावात कुंपण मिळतं. मे २०२२ मध्ये पोलाद फार महागलं तेव्हा सरकारनं बऱ्याच पोलादी मालाच्या निर्यातीवर १५ टक्के कर लावला, खनिजावरचा ५० टक्क्यांवर नेला. तो सहा महिन्यांत, नोव्हेंबरमध्ये, मागं घेतला. एप्रिल २०२५ मध्ये परदेशी पत्रा स्वस्तात येतोय म्हणून त्यावर १२ टक्के कर बसवला. कामगारांचं काम वाचत असेल तर आमचं त्याला भांडण नाही. पण कर्जत-नेरळच्या फलाटावर पहाटेपासून करवंदं, जांभळं घेऊन बसलेल्या आपल्या बायांच्या पाटीला असं कुंपण कधी कुणी घातलं? दुपारी पाटी निम्म्या भावानं रिकामी करून त्या घरी येतात. तो भाव कुठल्या आलेखावर नाही.

आपल्या डोंगरात लोखंड निघत नाही, काळा पाषाण निघतो. तरी लोखंडाशी आपला संबंध जुना. १९४२ साली भाई कोतवालांच्या आझाद दस्त्यानं मुंबईच्या गिरण्यांना वीज नेणारे लोखंडी मनोरे करवतीनं कापले ते याच मुलखात, आणि सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ ला ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. आज मुंबई-पनवेलच्या बांधकामांना सळई बाहेरून येते आणि तिच्याबरोबर घालायची खडी आपल्या बाजूच्या डोंगरांतून जाते. म्हणून लोखंडाच्या भावाचं बोलणं आपल्या दारात आलं. सळई पडली तर खडी मशीन बंद पडेल, मालक दुसरीकडं जाईल. खड्डा, भेगाळलेली घरं आणि आटलेला झरा इथंच राहील.

आपल्यातली काही तरुण मुलं म्हणतात, वर्षातले सहा महिने भट्टीवर जाण्यापेक्षा गावात काम मिळालं तर वाईट काय? हा प्रश्न खरा आहे, त्यांना गप्प बसवू नका. पण त्या माणसाला ग्रामसभेत उभं करून विचारा: किती माणसं, किती वर्षं, कुणाच्या हजेरीपटावर, आणि मशीन बंद झालं तर काय? लेखी मागा. ‘तेजी आहे’ हे उत्तर धरू नका.

कायद्याचं थोडक्यात. आपला रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळं पेसा कायद्याचा आधार गडचिरोलीला आहे तसा आपल्याला नाही. कुणी ‘पेसानं आपण अडवू’ म्हणत असेल तर गाफील राहू नका. २००६ चा वनहक्क कायदा मात्र आपल्याला पूर्ण लागू आहे. त्यात मिळालेली जमीन वारसांना जाते, विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही. सातबाऱ्यावरची आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर महसूल कायद्याच्या कलम ३६ आणि ३६-अ खाली वरची परवानगी लागते. कोऱ्या कागदावरचा अंगठा ही परवानगी नव्हे. आणि सामूहिक वनहक्क मिळाला की जंगल राखण्याचा, त्याचा कारभार बघण्याचा अधिकार ग्रामसभेचा होतो. वनजमीन दुसऱ्या कामाला देण्याआधी ग्रामसभेची संमती हवी, ही अट २००९ च्या परिपत्रकानं घातली होती. २०२२ च्या नियमांनी ती केंद्राच्या मंजुरीआधीच्या टप्प्यावरून राज्याच्या शेवटच्या आदेशापर्यंत मागं ढकलली. म्हणजे वर सगळं ठरल्यावर आपल्याला विचारणार. म्हणून दावा आधीच मंजूर करून घेतलेला बरा, भाव पडलेला असताना. तेजीत फाईल कुणाची पळते ते वर लिहिलंच आहे.

२६ तारखेला ना-हरकतीचा विषय अजेंड्यावर नसताना ‘ऐन वेळचे विषय’ म्हणून आणला तर हरकत नोंदवा. हजेरीच्या वहीवर सही करण्याआधी वरचं पान वाचून घ्या, ठराव लिहून झाल्यावर त्याखाली मोकळी जागा सोडू देऊ नका, आणि नकलेसाठी त्याच दिवशी अर्ज द्या. ज्या वाड्यांचे सामूहिक दावे अजून भरायचे राहिलेत त्यांनी दळीच्या जुन्या पावत्या, गुरचरणीच्या आणि पाणवठ्यांच्या जागांची नावं, आणि साठीच्या पुढचे दोन जाणते बाबा किंवा आज्या घेऊन येत्या रविवारी कशेळ्याला यावं. नकाशा आपण बसून काढू. पावत्या पावसात भिजलेल्या असल्या तरी आणा.